घरातला ऑक्सिजन : सिलिंडर आणि मशीन बसवताना हाताच्या कोणत्या सवयी सोडाव्यात

कोल्हापूरच्या माणसाला सिलिंडरचे भय वाटत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही गल्लीत शिरले, तर वेल्डिंगची जोडी, म्हणजे काळा ऑक्सिजनचा आणि मरून रंगाचा ॲसिटिलीनचा सिलिंडर, साखळीला बांधून उभी दिसते. स्वयंपाकाचा सिलिंडर तर घरोघरी असतो आणि तो बदलण्यासाठी कोणी मिस्त्री बोलावत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितला, की घरातला एखादा जाणता हात पाना घेऊन पुढे येतो. मीही तसाच पुढे आलो होतो. माझ्या आईचे अर्धे आयुष्य गगनबावड्याकडच्या घरात चुलीपुढे गेले, त्या धुराने फुप्फुसे कायमची आखडली आणि पुढे ती शहरात आमच्याकडे आली, तेव्हा नाकात नळी घेऊनच राहिली. पहिला सिलिंडर आला त्या दिवशी त्याची चावी जरा घट्ट वाटली, म्हणून मी सवयीने बोटावर ग्रीस घेतले होते. सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाने माझे मनगट धरले आणि मला थांबवले. तो नसता तर काय झाले असते, हे मला नंतर वाचून कळले.

कारण साधे आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो इतर वस्तूंना भडकून जळायला लावतो. आपण श्वास घेतो त्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. सिलिंडरमधल्या वैद्यकीय ऑक्सिजनमध्ये तो किमान ९९ टक्के असतो आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो इतक्या दाबाखाली कोंडलेला असतो. या दाबाचा ऑक्सिजन तेलाच्या किंवा ग्रीसच्या पुसट थराला लागला, तर ठिणगीवाचूनही तो थर पेट घेऊ शकतो. म्हणून व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, त्याचे आटे आणि वॉशर यांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नये, आणि पाण्याच्या नळाला गुंडाळतो ती टेपही गुंडाळू नये. वर्कशॉपमधून आलेल्या हाताने सिलिंडरला शिवण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावे, कारण त्यातल्या अल्कोहोलची वाफही पेटणारी असते. चावी खरोखरच अडकली असेल, तर तो सिलिंडर परत करावा. ठोकून किंवा मोठा पाना लावून ती उघडण्याचा हट्ट धरू नये.

किती सोडायचा, हे घरात ठरवू नये

ऑक्सिजन हे कायद्याने औषध आहे आणि त्याची मात्रा असते. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, झोपेत किती आणि चालताना किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे व तो कागद सिलिंडरजवळच्या भिंतीवर चिकटवावा. ऑक्सिमीटरवर कोणता आकडा राखायचा, तेही त्यावर असावे. फुप्फुसांच्या जुनाट आजारात, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्यात, हा आकडा बहुधा ८८ ते ९२ इतकाच ठेवायला सांगतात. घरच्यांना तो कमी वाटतो आणि कोणी तरी मायेपोटी प्रवाह दाखवणारी, काचेच्या नळीतली गोटी वर सरकवते. अशा रुग्णाला जास्त ऑक्सिजन मिळाला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. सकाळी डोके दुखणे, दिवसा झापड येणे, बोलण्यात विसंगती येणे ही त्याची लक्षणे असून, ऑक्सिमीटरचा आकडा ९८ दाखवत असतानाही माणूस बेशुद्धीकडे सरकू शकतो. उलट, ज्यांना दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घ्यायला सांगितला आहे, त्यांनी 'बरे वाटते' म्हणून तो दुपारीच काढून ठेवणेही चुकीचे आहे. फुप्फुसांच्या जुनाट आजारात दीर्घकाळ दिलेल्या ऑक्सिजनचा फायदा तासांवर अवलंबून असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आकडा ठीक असूनही धाप लागत असेल, तर ऑक्सिजन वाढवून ती धाप कमी होत नाही. चेहऱ्यावर लहान पंख्याचा झोत, पुढे झुकून उशीवर हात टेकवून बसणे आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडणे यांनी जास्त आराम पडतो. आईला पंखा लागायचा, आणि आम्ही महिनाभर गोटीकडे बघत बसलो होतो.

सिलिंडर दारात आल्यावर

वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलिंडरचे अंग काळे आणि खांदा पांढरा असतो. पूर्ण काळा सिलिंडर उद्योगासाठीचा असतो. 'गॅस एकच आहे, आमच्या कारखान्यातला आणून देतो' असे म्हणणारा भला माणूस या शहरात हमखास भेटतो. त्याचे आभार मानून नकार द्यावा. त्या सिलिंडरच्या आत काय राहून गेले आहे आणि तो कुठे व कसा भरला, याची हमी औषधासारखी दिलेली नसते. नुसत्या रंगावरही विश्वास ठेवू नये. लेबल वाचावे, त्यावर गॅसचे नाव, भरल्याची माहिती व बॅच क्रमांक असावा, व्हॉल्व्हवरचे सील शाबूत असावे आणि खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख मुदतीत आहे का, हे पुरवठादाराला विचारून घ्यावे. सिलिंडरच्या या चाचण्यांचे आणि परवान्यांचे नियम बघणाऱ्या केंद्रीय खात्याचे, म्हणजे 'पेसो'चे, मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे.

घरी प्रामुख्याने दोन आकार येतात. लहान 'बी' प्रकारात पाणी भरले तर १० लिटर मावते आणि दाबाखाली सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन बसतो. मोठ्या 'डी' प्रकारात सुमारे ७,००० लिटर बसतो, पण त्याचे वजन एका माणसाइतके असते, म्हणून तो जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून एकट्याने चढवू नये. दोन्ही सिलिंडर उभेच ठेवावेत, आणि नुसते उभे ठेवून भागत नाही, तर ते स्टँडमध्ये किंवा भिंतीला साखळीने बांधलेले असावेत. उभा सिलिंडर आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला, तर आतल्या दाबाने तो सुटलेल्या बाणासारखा धावतो. स्कूटरच्या पायाजवळ उभा करून, किंवा रिक्षात मांडीवर आडवा घेऊन तो आणू नये. गाडीतून आणायचा असेल तर बांधावा, व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी, काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि घरी पोहोचल्यावर लगेच उतरवावा. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत सोडू नये.

खोली हवेशीर असावी. सिलिंडर उन्हात, जिन्याखालच्या बंद कपाटात, पलंगाखाली किंवा दाराच्या वाटेत ठेवू नये. भरलेला कोणता आणि रिकामा कोणता, याची चिठ्ठी गळ्यात बांधावी. रात्री दोन वाजता हा प्रश्न पडता कामा नये.

रेग्युलेटर जोडणे

सिलिंडरवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, दाबाचा काटा, प्रवाह मोजणारी काचेची नळी आणि ऑक्सिजनला ओलावा देणारी पाण्याची बाटली अशी जोडणी बसते. लहान सिलिंडरवर बहुधा पिनांचा जोड असतो. त्यातल्या दोन पिना ऑक्सिजनच्याच छिद्रांत बसतील अशा अंतरावर असतात, म्हणून पिन बसत नसेल तर ती घासून बसवण्याचा उद्योग करू नये. त्यात एकच वॉशर लागतो, आणि तो चिरला असेल तर नवाच घ्यावा.

जोडण्याआधी रुग्ण आणि ज्योत दोन्ही दूर आहेत हे पाहावे, तोंड कोणाच्याही दिशेला नाही अशा रीतीने बाजूला उभे राहून चावी क्षणभर किंचित उघडून बंद करावी, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर बसवावा. प्रवाहाची चावी शून्यावर असावी. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडेच आवळावे. जोर लावून गळती थांबत नाही, उलट वॉशर फाटतो. आता सिलिंडरची मुख्य चावी अगदी सावकाश, काट्याच्या समोर तोंड न ठेवता उघडावी. एकदम उघडली तर दाब झटक्याने आत शिरून रेग्युलेटरमध्ये क्षणात उष्णता निर्माण होते, आणि आत कचरा किंवा तेलाचा अंश असेल तर तिथेच पेट घेतो. चावी पूर्ण उघडून झाल्यावर पाव फेरा मागे घ्यावी.

गळती तपासण्याची स्वयंपाकघरातली सवय इथे सोडावी. साबणात चरबीचा अंश असतो, म्हणून साबणाचा फेस या जोडावर लावू नये, आणि काडी ओढून पाहण्याचा विचारही मनात आणू नये. प्रवाह शून्यावर ठेवून मुख्य चावी उघडावी, काट्याचा आकडा पाहावा, चावी बंद करावी आणि दहा मिनिटे थांबावे. काटा तिथेच राहिला तर जोड पक्का आहे. घसरला तर दाब सोडून जोड उलगडावा आणि वॉशर पाहावा. हे दोन-तीनदा करूनही काटा घसरत असेल, तर पुरवठादारालाच बोलवावे.

बंद करतानाही क्रम ठरलेला असतो. आधी सिलिंडरची मुख्य चावी बंद करावी, नळीत उरलेला गॅस जाऊ द्यावा, गोटी खाली बसली की मग प्रवाहाची चावी बंद करावी. सिलिंडर अगदी कोरडा होईपर्यंत वापरू नये. थोडा दाब आत शिल्लक ठेवून परत द्यावा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

पाण्याची बाटली आणि नाकातली नळी

बाटलीत डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून थंड केलेले पाणी दोन रेषांच्या मधोमध भरावे. नळाचे पाणी घातले तर क्षार बसतात आणि जंतूंनाही घर मिळते. पाणी रोज पूर्ण ओतून, बाटली साबणाने धुऊन नवे भरावे. वरून भर घालत राहू नये. कमी प्रवाहाला ही बाटली नेहमीच लागते असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्यावे. बाटली लावली असेल तर एक सोपी परीक्षा करता येते : प्रवाह चालू असताना रुग्णाकडे जाणारी नळी चिमटीत धरावी. बुडबुडे थांबून बाटलीची शिट्टी वाजली तर मधले जोड पक्के आहेत. शिट्टी न वाजता बुडबुडे चालूच राहिले, तर झाकण किंवा जोड सैल आहे, आणि ऑक्सिजन खोलीत जातो आहे.

काचेच्या नळीतली गोटी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचावी आणि गोटीचा मध्य आकड्यावर आणावा. नळी तिरकी असेल तर आकडा खोटा ठरतो. नाकातल्या नळीची टोके आतल्या बाजूला, खाली वळलेली ठेवून ती कानांवरून हनुवटीखाली आणावी. तिच्यातून मिनिटाला साधारण १ ते ६ लिटरपर्यंतच प्रवाह देतात. साधा मास्क ५ लिटरपेक्षा कमी प्रवाहावर लावू नये, कारण सोडलेला श्वास त्यातच साचून पुन्हा आत जातो. कानामागे नळीने जखम होते. तिथे कापसाची पट्टी लावावी. नाक कोरडे पडले तर पाण्यावर आधारित मलम वापरावे. व्हॅसलीन, व्हिक्स आणि केसांना चपापून लावलेले खोबरेल तेल या तिन्हींना ऑक्सिजन चालू असताना रजा द्यावी. आईला हे पटवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

नळीची लांबी पंधरा मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. वापरात नसताना नळी चालू ठेवून गादीवर टाकू नये, कारण अंथरुणात ऑक्सिजन मुरतो आणि नंतर एखादी ठिणगीही पुरेशी होते.

घरातली आग

रुग्णाजवळ विडी-सिगारेट ओढू नये, हे सगळे जाणतात. विसरतात ती देवघरातली निरंजन. समई, उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, गॅसची शेगडी आणि अजूनही ज्या घरांत तांब्याचा बंब पेटतो तो बंब, या सगळ्यांपासून किमान तीन मीटर, म्हणजे दहा फूट अंतर हवे. देवघर आणि पलंग एकाच खोलीत असतील तर सिलिंडर हलवून भागत नाही, नळी आणि माणूसही दूर हवे. गणपतीत आरतीसाठी रुग्णाला पुढे यायचे असेल, तर मुख्य चावी बंद करून नळी काढावी आणि निदान वीस-तीस मिनिटे उघड्या हवेत बसल्यानंतरच ज्योतीजवळ यावे, कारण कपड्यांत आणि केसांत ऑक्सिजन अडकून राहतो. अर्थात, इतका वेळ नळी काढणे त्या रुग्णाला परवडते का, हे डॉक्टरांनी सांगितलेले असावे. नसेल तर आरतीचे ताट दारातूनच दाखवावे. स्वयंपाक रुग्णाने नळी लावून करू नये.

कपड्याने पेट घेतला तर, शक्य असेल तर, सर्वांत आधी ऑक्सिजन बंद करावा, नळी काढावी आणि माणसाला बाहेर न्यावे. ऑक्सिजन चालू असेपर्यंत आग विझत नाही.

मशीन वापरत असाल तर

ज्याला आपण ऑक्सिजनचे मशीन म्हणतो ते कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढून झिओलाइटच्या चाळणीत तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर देते. त्यात भरण्याचे काम नाही, पण लाईट लागते. पाच लिटरचे मशीन साधारण ३०० ते ४०० वॉट घेते, म्हणजे दिवसभर चालले तर आठ-नऊ युनिट जातात. ते अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये थेट लावावे, एक्स्टेंशन बोर्डवर टीव्हीच्या शेजारी लावू नये. घरातला लहान इन्व्हर्टर त्याच्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका झेलेलच असे नाही. हे रात्री लाईट गेल्यावर नव्हे, आजच मेन बंद करून तपासावे. मशीन भिंतीपासून व पडद्यापासून एक फूट दूर, स्वयंपाकाच्या धुरापासून लांब ठेवावे. मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. चालू केल्यावर शुद्धता पूर्ण यायला काही मिनिटे लागतात, आणि लाल दिवा किंवा बझर म्हणजे शुद्धता घटली असे समजावे. २०२१ च्या धावपळीत घेतलेले जुने मशीन कोणी देत असेल, तर त्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्राने, रुग्णाला लागणाऱ्या प्रवाहावर, तपासून घ्यावी. हवा जोरात येते म्हणजे ऑक्सिजन येतो असे नाही.

तासांचा हिशेब आणि पावसाळा

मशीन असणाऱ्यानेही एक भरलेला लहान सिलिंडर घरात ठेवावा. त्याचे तास मोजणे सोपे आहे : काट्याच्या किलोतल्या आकड्याला १० ने गुणले की लिटर निघतात आणि प्रवाहाने भागले की मिनिटे. १५० वर १,५०० लिटर, दर मिनिटाला २ लिटर दिले तर ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. काटा ६० वर आला असेल तर त्याच प्रवाहावर पाच तास. काटा पीएसआयमध्ये असेल तर आधी १४ ने भागावे. हा हिशेब गणितापुरता आहे, म्हणून त्यातून तासभर कमीच धरावा आणि काटा ५० च्या खाली जाण्याआधी दुसऱ्या सिलिंडरसाठी फोन करावा.

पावसाळ्यात हा फोन आणखी आधी करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. अशा वेळी औद्योगिक वसाहतीतून सिलिंडरची गाडी शहरात येईलच असे धरता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, दुधाळी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशा सखल भागांत राहणाऱ्यांनी ३९ फूट ऐकले, की मशीन आणि भरलेले सिलिंडर वरच्या मजल्यावर हलवावेत, दोन-तीन दिवसांचा साठा करावा आणि शक्य असेल तर रुग्णालाच नातेवाइकांकडे उंच भागात न्यावे. पुराच्या पाण्यात बुडालेला सिलिंडर किंवा रेग्युलेटर पुसून वापरू नये.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटे बसून, बोट उबदार करून, नखपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. त्यात दोन टक्क्यांचा फरक चालतो. सांगितलेल्या आकड्याच्या खाली सतत राहत असेल, तर आधी नळी दुमडली आहे का, बाटलीचे झाकण सैल आहे का आणि काटा शून्यावर आला आहे का, हे पाहावे. हे सगळे ठीक असूनही आकडा वर येत नसेल, ओठ निळे पडले असतील, एक वाक्य पुरे बोलता येत नसेल किंवा माणूस हाक मारून जागा होत नसेल, तर १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत ऑक्सिजन चालू ठेवून भिंतीवरचा तो कागद काढून हातात घ्यावा. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात पहिला प्रश्न तोच विचारतील : मिनिटाला किती लिटर चालू होता?